रात्री ‘फक्त सूप’: हलके की अपुरे?

पन्नाशी ओलांडलेल्या चार माणसांना रात्री काय जेवता असे विचारले, तर एखाद्याचे उत्तर ठरलेले असते, ‘विशेष काही नाही, फक्त सूप.’ सांगताना आवाजात थोडे समाधान असते. भात सोडला, पोळी सोडली, तळलेले तर केव्हाच सोडले. आता संध्याकाळी वाटीभर गरम सूप आणि लवकर झोप. ऐकणाराही कौतुकाने मान हलवतो. त्या वाटीत नेमके काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

संध्याकाळचे जेवण हलके असावे हा सल्ला चुकीचा नाही. त्यामागचे शरीरशास्त्र आता बरेच स्पष्ट झाले आहे. तेच जेवण सकाळी घेतले आणि तेच रात्री घेतले, तर रात्री रक्तातली साखर जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लावते, कारण शरीराचे घड्याळ दिवस मावळल्यावर इन्सुलिनला सकाळइतकी साथ देत नाही. तेलकट-तुपकट अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ घेते आणि पोट भरलेले असताना माणूस आडवा झाला की आम्ल अन्ननलिकेत वर येते. म्हणूनच जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवायला सांगतात. नऊची लोकल पकडून घरी येणारा, दहाला जेवणारा आणि साडेदहाला अंथरुणावर पडणारा माणूस हे अंतर कुठून आणणार? त्याच्यासाठी रात्री छोले-पुऱ्यांपेक्षा सूप केव्हाही बरे.

गडबड आहे ती ‘हलके’ या शब्दात. पचायला हलके आणि पोषणाला हलके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी होणारे सूप बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थाने हलके असते. दोन टोमॅटो, गाजराचा तुकडा, रंगासाठी थोडे बीट. कुकरमध्ये शिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, गाळायचे, मीठ-मिरपूड आणि वर लोण्याचा गोळा. चवीला छान लागते. पण मध्यम आकाराचे दोन टोमॅटो म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. त्यांत प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम आणि ऊर्जा तीस कॅलरींच्या आसपास. गाजर-बिटाने यात फार भर पडत नाही. लोण्याने कॅलरी वाढतात, प्रथिने नाहीत.

आता दुसरी बाजू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. साठ किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, तीन वेळांत वाटली तर प्रत्येक वेळी सोळा-सतरा ग्रॅम. वय वाढले की ही गरज कमी होते असा समज आहे, तो उलटा आहे. वृद्धांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ मध्ये ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली, कारण उतारवयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो. रोज एक जेवण दीड ग्रॅमवर भागवायचे तर उरलेला सगळा भार सकाळ-दुपारवर येतो. आणि पोहे, चहा-बिस्किटे, दोन पोळ्या आणि भाजी असा दिवस असेल तर तो पेलला जात नाही.

परिणाम लगेच दिसत नाही, हीच अडचण. उलट पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन उतरते आणि सगळे खूश होतात. वजनकाट्याला चरबी कोणती आणि स्नायू कोणता हे कळत नसते. मग कधीतरी जिना चढताना कठड्याला धरावे लागते, खुर्चीतून उठताना हातांचा रेटा द्यावा लागतो, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ वय झालेले असतेच, पण रात्रीच्या वाटीचाही त्यात वाटा असू शकतो.

गंमत अशी की ‘सूप’ हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, वरण. स्वयंपाक करणारा तो सूपकार. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे स्वयंपाकावरचे मराठी पुस्तक १८७५ मध्ये छापले गेले, त्याचे नावच ‘सूपशास्त्र’. इंग्रजी ‘सूप’चे कूळ निराळे: फ्रेंच ‘सूप’ म्हणजे मुळात रश्श्यात भिजवलेला पाव, आणि संध्याकाळच्या खाण्याला इंग्रजीत म्हणतात ते ‘सपर’ त्याच्याच नात्यातले. म्हणजे तिकडच्या सूपमध्ये पाव होता आणि इकडच्या सूपमध्ये डाळ. दोन्हीकडे ते पोटभरीचे अन्न होते. मधल्या काळात हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ते जेवणाआधीचे चाटण झाले, कॉर्नफ्लोअरने दाट केलेले, आणि तिथून घरात शिरले ते थेट जेवणाच्या जागी.

घरात त्याआधी काय होते? मुगाचे कढण, कुळथाचे कळण, हुलग्याचे माडगे, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, तांदळाची पेज, टोमॅटोचे सार. यांतले सार सोडले तर प्रत्येकाच्या तळाशी धान्य किंवा कडधान्य आहे. सार हे भाताबरोबर खायचे, एकट्याने प्यायचे नव्हेच. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचा कट काढून त्याची आमटी होते. त्या पातळ कटात डाळीचा थोडाच अंश उतरतो, पण बाकीची डाळ पुरणात जाऊन त्याच ताटात येते. कढणाचे पाणी तेवढे प्यायचे आणि मूग टाकून द्यायचे, असे आजारी माणूस सोडला तर कोणी करत नसे.

आजाऱ्याची गोष्टही पाहण्यासारखी आहे. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर जो आहारक्रम सांगितला आहे त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया, मग जरा दाट विलेपी, मग मुगाचे यूष, आणि असे चढत चढत नेहमीच्या जेवणावर यायचे. पातळ अन्न ही त्यात काही दिवसांची पायरी आहे. तीच पायरी कायमची पकडून बसणे आणि वर ‘आयुर्वेदात सांगितलंय’ असे म्हणणे, हा त्या शास्त्रावर अन्याय आहे.

पातळ रसात ‘ताकद’ असते हा समज फक्त इथला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हाडांपासून जिलेटिन काढून त्याचे सूप रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांना दिले जाई. मांसाला स्वस्त पर्याय मिळाला म्हणून त्याचे कौतुकही झाले. तक्रारी वाढल्या तेव्हा फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या या समितीने कुत्र्यांवर दीर्घ प्रयोग करून १८४१ मध्ये अहवाल दिला: केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. कारण पुढे कळले. जिलेटिन हे प्रथिनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. आजही हाड मोडलेल्या माणसाला पायाचे सूप ‘हाडाला हाड’ म्हणून पाजतात. ते चवदार असते, अरुची झालेल्याला घोटभर पोटात घालता येते. पण हाडांतले कॅल्शियम पाण्यात फारसे उतरत नाही, आणि मांसाचे तुकडे काढून नुसता रस्सा दिला तर प्रथिनांचा मोठा भाग पातेल्यातच राहतो. चिकन सूपचेही तसेच. वाटीत तुकडे असतील तर ते जेवण आहे.

वजन कमी करू पाहणाऱ्यांचे म्हणणे वेगळे असते: सूपने भूक मरते. हे खरे आहे, आणि प्रयोगांनी दाखवलेले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९९९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दुपारच्या जेवणाआधी स्त्रियांना एकदा चिकन-भाताचा पदार्थ दिला, एकदा तोच पदार्थ आणि सोबत पाण्याचा पेला, आणि एकदा तेवढेच पाणी त्या पदार्थात घालून केलेले सूप. सूपनंतर त्यांनी जेवणात जवळपास चतुर्थांश कॅलरी कमी घेतल्या. पेलाभर पाण्याने मात्र काही फरक पडला नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात जठराची एमआरआय चित्रे घेऊन याचे कारण पाहिले गेले. घन अन्न आणि पाणी वेगवेगळे घेतले तर जठर पाणी आधी पुढे सोडून देते. तेच मिक्सरमधून एकजीव केले तर ते अधिक काळ पोटात राहते.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही ‘फक्त सूप’वाल्यांच्या सोयीच्या नाहीत. एक, त्या प्रयोगात सूप जेवणाआधी होते, जेवणाऐवजी नव्हते. दोन, पोटात टिकते ते दाट सूप. गाळलेले, पाण्यासारखे सूप लवकर निघून जाते. अकरा वाजता फरसाणाच्या डब्याचे झाकण वाजते ते त्यामुळेच. स्थूल माणसाने आधी वाटीभर भाज्यांचे सूप आणि मग नेहमीच्या दोनऐवजी एक भाकरी, उसळ असे जेवण ठेवले तर त्याचा फायदा आहे. पण ज्या सत्तरीच्या बाईंची भूकच मुळात मंदावली आहे, त्यांना ताटाआधी सूप दिले तर पोट पाण्याने भरते आणि डाळ-उसळ तशीच राहते. एकच वाटी एकाला उपयोगी आणि दुसरीला अपायाची ठरते. घरातल्या सगळ्यांना सरसकट सूपवर आणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

भाज्यांच्या बाबतीत सूपची बाजू मजबूत आहे. भाजी उकडून पाणी टाकले की क जीवनसत्त्व आणि फोलेट त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. सूपमध्ये पाणी वाटीतच राहते. उष्णतेने काही भाग नष्ट होतो, तेवढा जातोच. टोमॅटोतले लायकोपीन कच्च्यापेक्षा शिजवलेल्या आणि थोडी स्निग्धता मिळालेल्या टोमॅटोतून शरीराला अधिक मिळते. म्हणून चमचाभर तेला-तुपाची फोडणी हा चैनीचा भाग नाही. हातात गाळणी घेतली की मात्र यातले बरेच काही वाया जाते. चोथा म्हणजे तंतुमय पदार्थ, आणि बद्धकोष्ठतेची तक्रार करणाऱ्या माणसासाठी तोच गाळून कचऱ्यात टाकण्याचा उद्योग अनेक घरांत रोज चालतो. टोमॅटोची साले जाडी वाटत असतील तर आधीच काढावीत. गाळायचे काही कारण नाही. पालकाच्या सूपने हिमोग्लोबिन वाढते ही आणखी एक लोकप्रिय समजूत. पालकात लोह आहे, पण ते सहज शोषले जाणाऱ्या प्रकारचे नाही. वर लिंबू पिळले तर थोडी मदत होते, पण खरोखरचा रक्तक्षय असेल तर तो वाटीने भरून निघत नाही. त्याला तपासणी आणि औषध लागते.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे दिवसभराचे सगळे मिळून छोटा एक सपाट चमचा. पातळ पदार्थाला मीठ जास्त लागते, कारण ते पाण्यात पसरते. दोन वाट्या सूपला चव आणताना त्या चमच्याचा मोठा हिस्सा सहज संपतो. पाकिटातल्या सूपची गोष्ट आणखी पुढची. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. हा गुणाकार दुकानातच उभ्या उभ्या करून पाहावा. रक्तदाबाची गोळी घेऊन वर ‘हलके’ म्हणून रोज रात्री असे पाकीट उकळणारी माणसे थोडी नाहीत. घरच्या सूपमध्ये मीठ कमी करण्याचा मार्ग टोमॅटोतच आहे. टोक्यो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोत आणि मशरूममध्ये तेच ग्लुटामेट निसर्गतः असते. त्याला भाजलेला लसूण, जिऱ्याची फोडणी आणि शेवटी लिंबू यांची जोड दिली की मीठ निम्म्यावर आणता येते. सुरुवातीला अळणी लागते, मग हळूहळू जिभेला सवय होते.

काहींनी सूपला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. पहिले, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी संध्याकाळी घेणारे मधुमेही. औषधाचा डोस नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरलेला असतो. जेवण एकदम टोमॅटोच्या सूपवर आणले आणि डोस तोच ठेवला, तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेत घामाने अंग भिजणे, भीतीदायक स्वप्ने, सकाळी डोके जड होणे ही त्याची चिन्हे असू शकतात, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रात्री उठवायला कोणी नसते. दुसरे, मूत्रपिंडाचे रुग्ण. पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेल्या रुग्णाला भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायला सांगतात. सूपमध्ये नेमके तेच पाणी प्यायले जाते. जे गुण म्हणून वर सांगितले तेच इथे दोष. तिसरे, हृदय कमजोर असल्याने पाण्यावर मर्यादा असलेले रुग्ण: सूपही पाण्यातच मोजायचे. आणि ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांच्यापैकी अनेकांना टोमॅटोच बाधतो. त्यांनी रोज रात्री टोमॅटो सूप पिऊन जळजळ का होते याचे आश्चर्य करू नये. त्यांच्यासाठी दुधी किंवा लाल भोपळा आहे.

एका गोष्टीची चर्चा आरोग्याच्या लेखांत सहसा होत नाही. हलके जेवण करणारा माणूस आणि ते रांधणारा माणूस बहुतेक घरांत एक नसतो. सासू-सासऱ्यांना सूप, नवऱ्याला पोळी-भाजी, मुलांना आणखी तिसरेच, आणि हे सगळे कार्यालयातून परतलेल्या एकाच बाईच्या हातून. चिरणे, शिजवणे, मिक्सर, गाळणी, मग ती सगळी भांडी घासणे. असे सूप महिनाभर टिकते आणि मग पाकीट येते. ते टिकवायचे असेल तर ते वेगळा पदार्थ असून चालत नाही. कुकरला वरणाची डाळ लागतेच. त्याच डब्यात दुधीच्या, भोपळ्याच्या किंवा गाजराच्या फोडी टाकाव्यात, शिजल्यावर अर्धे काढून रवीने घोटावे आणि पाणी घालून पातळ करावे. त्यावर जिरे-लसणाची फोडणी पडली की सूप झाले. उरलेल्याची सगळ्यांसाठी आमटी. मिक्सर नाही, गाळणी नाही. आणि रवी फिरवायला घरातला कोणीही चालतो.

अशा वाटीचे गणित मांडून पाहावे. माणशी ४० ग्रॅम कोरडी मूगडाळ म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. सोबत ज्वारीची लहान भाकरी, तिचे चार-एक ग्रॅम; वाटीभर दही, तीन ग्रॅम. झाले सोळा-सतरा. भाकरी चावत नसेल तर ती सूपमध्येच कुस्करावी, किंवा भाकरीऐवजी तेवढाच मऊ भात त्यात घोटावा. दही रात्री नको वाटत असेल तर उकडलेले अंडे किंवा पनीरचे चार तुकडे. तेल एक चमचा. हे जेवण पचायला सूपइतकेच हलके आहे, कारण त्यात तळण नाही, फार तूप नाही आणि डाळ पूर्ण शिजलेली आहे.

वेळ शक्य असेल तर सात-साडेसातची. उशिरा घेतलेल्या दोन वाट्या पातळ पदार्थाने रात्री दोनदा उठावे लागते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा पाय लटपटणाऱ्या माणसाने अंधारात न्हाणीघराकडे जाणे धोक्याचे असते. मूगडाळीला भिजवण लागत नाही, म्हणून ती रोजच्यासाठी सोयीची. कुळीथ आदल्या रात्री भिजवलेला असेल तर आठवड्यातून एकदा त्याचे कढण करावे, पण दाणे त्यात घोटून. आणि मसूर तर मूगडाळीइतक्याच वेळात शिजते, फक्त रंग पाहून मुले कुरकुरतात.